खंडेनवमीचं ऑपरेशन

माझ्या पुतणीनं या आठवणींची आधीची पानं वाचली आणि म्हणाली, "आत्या, किती गोड लिहिलंयस गं." म्हटलं, थांब जरा, सर्जरी येऊ दे. आता ती आली आहे. ज्यांना गोडच वाचायचं आहे त्यांनी ही पानं उलटून पुढं जावं, माझी हरकत नाही. मला मात्र हे लिहायचंच आहे, आणि ज्या रागानं ते इतकी वर्षं पोटात धरलं त्याच रागानं लिहायचं आहे.

आम्ही रेणापूरकडचे. वडील गावी शेती बघायचे आणि आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन लातुरात दोन भाड्याच्या खोल्यांत राहायची, केवळ आमच्या शिक्षणासाठी. तेव्हा ही रीत नवीनच पडत होती. गावोगावच्या आया अशाच पोरं घेऊन शहरात उतरायला लागल्या होत्या आणि गणिताचे, भौतिकशास्त्राचे मास्तर आपल्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पोती अंथरून शिकवण्या घ्यायला लागले होते. आमच्या भिंतीपलीकडं दालमिल होती. सकाळी तिची घरघर सुरू झाली की फळीवरची भांडी किणकिणायची आणि दुपारपर्यंत खिडकीच्या गजांवर तुरीच्या भुशाचा पिवळा थर बसायचा. मी सगळं पाठांतर त्या घरघरीत केलं, त्यामुळं आजही शांत खोलीत मला धड वाचता येत नाही. रविवारी वडील एस.टी.नं यायचे, ज्वारीची पिशवी आणि अंबाडीची जुडी घेऊन. आई येसराची आमटी करायची, वर कच्च्या तेलाची धार सोडायची आणि भाकरी थापता थापता आमची उजळणी घ्यायची. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली, पण पुस्तकातल्या उत्तरावर बोट ठेवून ती अक्षर न् अक्षर ताडून बघायची. एखादा शब्द गळला की उलथनं माझ्या दिशेनं उगारलं जायचं. पाठीवर ते कधी बसलं नाही, पण बसेल याची खात्री मात्र कायम असायची.

आईचं आणखी एक सांगायला हवं. गावी ती महिन्याचे चार दिवस कटाक्षानं बाजूला बसायची. न्हाणीजवळ वेगळं पोतं, वेगळा तांब्या, आणि स्वयंपाक चुलतीकडं. लातुरात आल्यावर पहिल्याच महिन्यात पंचाईत झाली. घरात दुसरी बाई नाही, मी लहान, आणि तीन पोरं शाळेच्या वेळेला भुकेली. आईनं डोक्यावरून पाणी घेतलं, देवाच्या कोनाड्यावर पडदा ओढला आणि स्टोव्ह पेटवला. लातुरात ती पुन्हा कधी बाजूला बसली नाही, गावी गेली की मात्र बसायची. मी एकदा विचारलं, "इथं कसं चालतं गं?" तर म्हणाली, "इथं तुमाला कोन खाऊ घालणार? देवाला कळत न्हाई व्हय तेवढं?" देवाला कळतं हे मला तेव्हाच पटलं. कळत नाही ते बाकीच्यांना.

नांदेडला डॉक्टरकी शिकून मी परत त्याच दोन खोल्यांत आले आणि लातुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात सर्जरीची हाऊस पोस्ट मागायला गेले. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सर्जन व्हायचं तर आधी सहा महिने सर्जरी विभागात राबून त्याचा सहीशिक्क्याचा दाखला मिळवावा लागे. दाखला नाही तर पुढच्या शिक्षणाचं दार बंद. तो दाखला द्यायचा की नाही हे तिथल्या मुख्य सर्जनच्या हातात. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी माझे गुण पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, गायनिक घे. नाहीतर भूल घे, डोळे घे, नाजूक काम आहे. सर्जरीत तासन् तास उभं राहावं लागतं." आमच्या शिवारात बायका दिवसभर कमरेत वाकून तूर कापतात तेव्हा ही काळजी करणारी माणसं कुठं असतात देव जाणे. मी म्हटलं, सर, मला सर्जरीच हवी. मग त्यांनी माझ्याकडून सहा महिने लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. माझ्याबरोबर देगलूरचा शिवहार म्हणून एक जण लागला होता, नांदेडला माझ्याच वर्गात होता तो. त्याच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यानं लग्न केलं. त्याला पंधरा दिवस रजा मिळाली आणि विभागातर्फे स्टीलचा डिनर सेट. तो डिनर सेट पसंत करायला बाजारात मला पाठवलं होतं, कारण भांड्यांतलं बायकांना कळतं.

पहिले पाच महिने मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून माणसांची कातडी आणि चरबी ओढून धरली. कापायचं सरांनी, शिवायचं शिवहारनं. बाईनं गोधडी शिवावी, पोतं शिवावं, नवऱ्याचा शर्ट शिवावा. कातडीला टाका घालायचा म्हटलं की तिचा हात कापतो म्हणे. घरी आल्यावर मी फाटक्या उशीवर टाके घालायची, एका हातानं गाठ मारायची, आणि आई निवडणं करता करता बघायची. "सुटली," असं ती मध्येच म्हणायची, आणि गाठ खरंच सुटलेली असायची.

मग भूकंप झाला. त्या पहाटेचं मी इथं लिहीत नाही, ते या प्रकरणात मावणार नाही. उजाडल्यावर किल्लारीकडून ट्रक, जीपगाड्या, उसाच्या ट्रॉल्या भरभरून माणसं यायला लागली आणि पुढचे अकरा दिवस आमच्या थिएटरचा दिवा विझला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून मोठे सर ओरडले, "मंदा, तो पाय तू घे!" आणि मी घेतला. त्या अकरा दिवसांत मी चिरडलेलं कापून काढलं, फाटलेली आतडी शिवली, हाडं बसवली. सर दोन दिवस झोपले नव्हते, हात थरथरायला लागले की खुर्चीत बसायचे आणि पुन्हा उठायचे. माणूस म्हणून ते मोठे होते, हे मला लिहिलंच पाहिजे. एकदा त्यांनी माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पुढं गेले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं. त्या दिवसांत माझी पाळी येऊन गेली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि एकाही जखमेनं तक्रार केली नाही.

तीन आठवड्यांत खंडेनवमी आली. शेतकरी कोयत्याची पूजा करतो, ड्रायव्हर एस.टी.ला हार घालतो, तशी दवाखान्यात ऑपरेशनच्या अवजारांची पूजा असते. माझा तिला विरोध नाही, ज्या लोखंडावर पोट भरतं त्याला हळदकुंकू वाहावं. पण त्या दवाखान्याची रीत अशी होती की अष्टमीच्या संध्याकाळपासून दसऱ्यापर्यंत थिएटरच्या दारातल्या लाल पट्ट्याच्या आत बाईनं पाऊल टाकायचं नाही. कुणाची अडचण आहे हे विचारायची पुरुषांना लाज वाटे, म्हणून सरसकट सगळ्याच बाहेर. आणि त्या वर्षी सरांनी आणखी एक काढलं. दरसाल तातडीच्या केससाठी अवजारांचा एक सेट पूजेबाहेर ठेवत. आदल्या वर्षी तो ठेवला होता आणि दिवाळीच्या आत एक पेशंट टेबलावरच गेला. तो सेट रुसला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सरांच्या मनात बसलं. भूकंपानं माणूस हादरलेला असतोच. "यंदा एक चिमटासुद्धा बाहेर नको," ते म्हणाले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण खंडेनवमीला दवाखान्यातलं सगळं लोखंड पाटावर मांडून दार ओढून घेतलं. मला सांगितलं, रांगोळी तू काढ, तुझा हात चांगला आहे. पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूनं काढ.

त्या दिवशी माझी पाळी होती की नव्हती हे मी इथं लिहिणार नाही. त्याच्याशी कुणाच्या बापाचा संबंध नव्हता आणि आजही नाही.

सकाळी पूजा आटोपून मोठे सर त्यांच्या शेतावर ट्रॅक्टरची पूजा करायला गेले. तिथं फोन नव्हता. भूल देणारे डॉक्टर गावी गेलेले. दवाखान्यात शिवहार, मी, आणि थिएटरच्या मुख्य सिस्टर सलमाबी. सलमा सिस्टर पन्नाशी उलटलेल्या, त्यांचं कलईवाल्यांचं जुनं घर लातुरातच. दुपारी दोनच्या सुमाराला एक जीप आली. किल्लारीजवळच्या पत्र्याच्या शेडमधून एक म्हातारा आणला होता, माणिकराव नावाचा, आणि सोबत त्याची सून रुक्मिण, तिशीच्या आतली, कपाळ मोकळं. म्हाताऱ्याची जुनी आंतगळ, म्हणजे हर्निया, आदल्या रात्रीपासून अडकली होती. जांघेत नारळाएवढा गोळा, दगडासारखा टणक, वर कातडी लाल. उलट्यांना घाण वास. आत आतडं आवळलं गेलं होतं आणि काळं पडायच्या वाटेवर होतं. मी गोळ्याला हात लावायला गेले तर म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं.

"बाईमानूस न्हाई पायजे. डाक्टर बोलवा."

"मीच डॉक्टर आहे, आजोबा."

"मोठा डाक्टर बोलवा म्हन्तो न्हवं!"

रुक्मिण तोवर पदर डोक्यावरून खाली ओढून भिंतीला टेकून उभी होती. सासऱ्यासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत असावी, कारण बोलताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "मामा," ती म्हणाली, "आता तुमी अन् मी दोगंच राह्यलाव. गप पडा." म्हाताऱ्यानं माझा हात सोडला.

तेवढ्यात कारकून संमतीचा कागद घेऊन आला आणि म्हणाला, घरातल्या गडीमाणसाची सही लागते. रुक्मिणीनं अंगठा पुढं केला. तो म्हणाला, "बाई, तुमचा नाही चालत. नवरा, दीर, कुणी असंल तर बोलवा."

"कुठून बोलवू?" ती म्हणाली. "समदे भिंतीखाली गेले. तुमाला म्हाईत न्हाई व्हय? ह्यो अंगठा हाय, पायजे तर घ्या, न्हाईतर आमाला शेडात जाऊ द्या, तितं मरतेत ते." मी शाईचा डबा कारकुनाच्या हातातून ओढून घेतला आणि तिचा अंगठा कागदावर दाबला. चाळीस माणसं उभी असलेल्या त्या व्हरांड्यात मी किती मोठ्यानं ओरडले ते मला आठवत नाही, पण कारकून नंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

शिवहार म्हणाला, सरकारी दवाखान्यात भूकंपाचे पेशंट अजून जमिनीवर झोपलेत, सोलापूरला पाठवू. मी म्हटलं, तीन तास लागतील, तोवर आतडं फुटेल. तो म्हणाला, "पण अवजारं कुठं आहेत मंदा? सगळी पाटावर आहेत. सर येईपर्यंत हलवता येत नाहीत." मी त्याला म्हटलं, तू पुरुष आहेस, तुला आत जाता येतं, तू उचल. तो म्हणाला, "माझं नुकतंच लग्न झालंय. काही बरंवाईट झालं तर?" हे वाक्य एका शिकलेल्या डॉक्टरच्या तोंडचं आहे, हे वाचणाऱ्यांनी विसरू नये. मी सलमा सिस्टरकडं पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "मैं हात लगाई तो कल शहर में बोंब होती, मॅडम. नौकरी तो जातीच, और क्या क्या होता मालूम नहीं. तुम उठाव. मैं धोती."

मी चपला काढल्या, पट्टा ओलांडला आणि दार ढकललं. आत उदबत्तीचा धूर कोंडला होता. पाटावर पांढरी चादर, त्यावर अवजारं ओळीनं मांडलेली, कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी, सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध नारळ. मला भीती वाटली. ती कबूल करते. वीस वर्षांचे संस्कार एका दुपारी जात नाहीत. मी हात जोडले आणि मग चादरीची चार टोकं उचलून सगळं गाठोडं बांधलं आणि बाहेर आणलं. सलमा सिस्टर नळाशी वाट बघत होत्या. "हर साल दो-दो दिन घासती मैं," त्या म्हणाल्या, "चावल फँसता जोड में." ब्रशनं एकेका चिमट्याच्या बिजागरीतला तांदळाचा दाणा आणि ओलं कुंकू त्यांनी काढलं, साबणानं धुतलं, निर्जंतुक करायला वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घातलं. मोरीतून लाल पाणी वाहत होतं. अर्धा तास ऑटोक्लेव्हची शिट्टी ऐकत मी उभी होते आणि तेवढ्या वेळात मला एवढंच दिसत होतं की दाखल्याला सहा दिवस उरलेत आणि तो आता मला मिळत नाही.

म्हाताऱ्याला आत टेबलावर घेतलं. भूल द्यायला कुणी नव्हतं म्हणून मी जांघेत सुईनं औषध भरून तेवढा भागच बधिर केला. म्हातारा पूर्ण जागा होता. शिवहार शेवटी हात धुऊन आला आणि समोर उभा राहिला. मी काप घेतला. आयुष्यात माझ्या एकटीच्या जबाबदारीवरचा तो पहिला काप. आवळलेली कड बोटानं चाचपली, तिच्याखाली बोट सरकवलं आणि कापली. आतडं बाहेर आलं ते जांभळाच्या रंगाचं होतं. शिवहार म्हणाला, गेलं हे, कापावं लागेल. मी म्हटलं, थांब. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यात ते गुंडाळलं आणि घड्याळाकडं बघत उभी राहिले. म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, काय झालं? गप का झालात?" म्हटलं, "काही नाही आजोबा, तुमचं आतडं थकलंय, त्याला जरा बसू देते." दहा मिनिटांनी फडकं उघडलं तर कडेनं गुलाबी रंग चढत होता. सलमा सिस्टरच्या तोंडून "अल्ला" एवढंच निघालं. मी आतडं आत सरकवलं आणि थर न् थर शिवून घेतलं. माझा हात कापला नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं, पूजा उचललेलीसुद्धा. पूजेचं ऐकून तिनं देवाच्या कोनाड्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंस," आणि वाटीत साखर घेऊन बाहेर पडली. तिनं गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबून सांगितलं की माझ्या मंदीनं एकटीनं मानूस वाचवला. दालमिलच्या फाटकावरच्या वॉचमनलाही तिनं चिमूटभर साखर दिली.

दसऱ्याच्या सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा माणिकरावांचं पोट मऊ होतं, वारा सरला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आशीर्वाद देतात. ते म्हणाले, "बाई, लई उपकार झाले. येक करा. जांघेला बाईचा हात लागला म्हनून शेडात कुनाला सांगू नगा. लोक हासतेत." आदल्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं माझ्याशी बोलत मरणाची वाट पाहिली होती. मी पट्टी बदलली.

दुपारी मोठे सर आले. आपट्याची पानं वाटून झाल्यावर त्यांनी शिवहारला आणि मला खोलीत बोलावलं. मला वाटलं ओरडतील, पण ओरडले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला तपासलं होतं, टाके पाहिले होते. "काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण ट्रस्टींच्या कानावर गेलंय की बाईनं पूजा मोडली. त्यांना मी काय सांगू? ऑपरेशनच्या रजिस्टरात सर्जन म्हणून शिवहारचं नाव घालू. पूजा त्यानं हलवली, ऑपरेशन त्यानं केलं, तू मदतीला होतीस. त्याला कुणी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, आणि मी नाही म्हटलं तर? त्यांनी टेबलाच्या खणातून माझा दाखला काढला. टाइप केलेला तयार होता, सही तेवढी बाकी. "तर ही सही मला करता येणार नाही, बेटा. माझाही नाइलाज आहे." ज्यांना खरोखर नाइलाज असतो ती माणसं अशी शांतपणे बोलत नाहीत. रुक्मिणीचा अंगठा म्हणजे नाइलाज. हा नुसता सोयीचा सौदा होता. शिवहार बुटाकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाहत राहिले की हा आता बोलेल. तो बोलला नाही.

मी सही केली. सर्जनच्या रकान्यात त्याचं नाव, मदतनीसाच्या रकान्यात माझी सही. सरांनी माझ्या दाखल्यावर सही केली आणि वर आपट्याची दोन पानं ठेवली. कुणी म्हणेल, मग राग कुणावर? पहिला माझ्यावर. ती सही मी केली नसती तर मी सर्जन झाले नसते, आणि केली म्हणून झाले, हे दोन्ही खरं आहे आणि दोन्हींनी जळायला होतं. आई दारात बसून तुरी पाखडत होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. "दाखला मिळाला न्हवं?" म्हणाली. मी हो म्हटलं. "मंग ठीक हाय." तिनं सूप पुन्हा उचललं आणि, माझ्याकडं न बघता, म्हणाली, "पर मी गल्लीत साखर वाटली की गं. आता काय सांगू?" काही सांगितलं नाही तिनं कुणाला. पण पुढं कितीतरी दिवस ती पाण्याला दुसऱ्या गल्लीच्या नळावर जायची.

त्यानंतर मी सर्जन झाले, लातुरातच दवाखाना टाकला. आता माझ्या दवाखान्यासमोर क्लासचे मोठमोठे फलक आहेत, त्यांवर डॉक्टरकीला लागलेल्या पोरींचे हसरे फोटो. त्यांचे आईबाप माझ्याकडं सल्ला विचारायला येतात. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून जमीन विकलेला बाप मला विचारतो, "मॅडम, पुढं स्किन घेतलं तर बरं न्हाई का? सर्जरीत लग्नाचं अवघड होतं." पोरगी बापाशेजारी मान खाली घालून बसलेली असते. मी त्यांना चहा देते आणि काय वाट्टेल ते बोलते. काही जण परत येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला शिवहारचा सत्कार झाला. तो आता मोठा सर्जन आहे, केस पांढरे, आवाज भारदस्त. सभागृह तरुण डॉक्टरांनी भरलेलं. मी पाचव्या रांगेत होते. बोलता बोलता त्यानं भूकंपाच्या वर्षाची खंडेनवमी काढली. पाटावरची अवजारं, बिजागरीतला तांदूळ, मोरीतलं लाल पाणी, जांभळं आतडं आणि ती दहा मिनिटं, सगळं त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं. "माझे हात कापत होते," तो म्हणाला, "पण मी म्हटलं, थांब." मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यालाही ते खरं वाटायला लागलं असावं. टाळ्या पडल्या. मग त्याला मी दिसले आणि तो प्रेमानं म्हणाला, "आमच्या मंदा मॅडम इथं आहेत, त्याही तेव्हा होत्या मदतीला." सगळे वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले, आणि सवयीनं मी उठून हात जोडले.

माझ्या शेजारी सर्जरी शिकणारी एक पोरगी बसली होती, हाताच्या बोटांवर बीटाडिनचे डाग असलेली. तिनं वर बघत विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करत होता त्या केसमध्ये?"

"ऑपरेशन," मी म्हटलं.

ते मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की पुढच्या रांगा वळल्या आणि टाळ्या मध्येच तुटल्या. शिवहार माइकमध्ये हसला. म्हणाला, "मॅडमना पहिल्यापासून विनोदाची सवय आहे." मग त्यानं हातानं मला खाली बसायची खूण केली. मी उभीच राहिले.